चमचाभर चहाची ऊब आणि किरणांचा घाव
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एक साधे गणित मांडतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या सर्वांगावर गॅमा किरणांचा मारा झाला आणि त्याच्या शरीराने दर किलोमागे ५ ज्यूल ऊर्जा शोषली, तर उपचार न मिळाल्यास तो माणूस बहुधा काही आठवड्यांत दगावतो. पाच गुणिले साठ, म्हणजे एकूण ३०० ज्यूल. आता आपल्या रोजच्या चहाकडे बघू. ६० अंश सेल्सिअस तापमानाचा एक चमचा चहा पोटात जाऊन शरीराइतका निवला, तर तो आपल्याला साडेचारशे ज्यूलपेक्षा जास्त ऊब देतो. म्हणजे माणसाचा जीव घेणारी किरणांची ऊर्जा एका चमच्यातल्या उबेपेक्षाही कमी! त्या उर्जेने सगळ्या अंगाचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढेच वाढेल. थर्मामीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. मग माणूस मरतो कशाने?

हे कोडे मी रचलेले नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट येथे फ्रीडरिख डेसाउअर नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी या किरणांवर काम केले आणि त्या किरणांनी झालेल्या जखमा आयुष्यभर अंगावर वागवल्या. १९२२ साली त्यांनी या कोड्याला एक उत्तर सुचवले. किरणांची ऊर्जा अंगभर सारखी पसरत नाही, ती अतिसूक्ष्म जागी एकवटते. तेवढ्या जागेपुरती प्रचंड उष्णता निर्माण होते आणि तिथला पदार्थ भाजून निघतो, असे त्यांचे म्हणणे होते. याला त्यांनी ‘बिंदुउष्णता’ अशा अर्थाचे नाव दिले. थोडक्यात, डेसाउअर यांच्या मते किरणांचा घाव म्हणजे सुईच्या टोकाहूनही लहान असा चटकाच.

हे अर्धे खरे ठरले आणि अर्धे चुकले. ते कसे, हे कळायला पुढची पन्नास वर्षे लागली. अख्ख्या प्राण्याकडे, किंवा अख्ख्या पेशीकडे बघून हे उत्तर मिळणारच नव्हते. पेशी मेली एवढेच त्यातून कळते. तिच्यातले नेमके काय बिघडले हे जाणायचे, तर पेशी फोडून तिचे भाग वेगळे काढायला हवेत, आणि एकेका भागाला उष्णता आणि किरण स्वतंत्रपणे देऊन बघायला हवेत. घड्याळ पाण्यात पडले तर घड्याळजी ते उघडून चाके, स्प्रिंग आणि काटे वेगळे करून तपासतो, तसेच हे काम. त्याचाच इतिहास आज सांगायचा आहे.

पेशीचे घड्याळ पहिल्यांदा यशस्वीपणे उघडले ते एदुआर्ट बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. साखरेपासून मद्य होणे, म्हणजे किण्वन, ही क्रिया जिवंत यीस्ट पेशीशिवाय होऊच शकत नाही, असे लुई पाश्चर यांच्यासारख्या दिग्गजाचे मत होते. बुखनर यांनी यीस्ट बारीक वाळूबरोबर खलात घोटले, कापडात बांधून यंत्राखाली दाबले आणि त्यातून रस काढला. त्यात अख्खी पेशी उरली नव्हती. हा रस नासू नये म्हणून त्यात साखर घातली. आपण मुरांब्यात घालतो तोच हिशेब. पण रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे यायला लागले! पेशी नसतानाही किण्वन सुरू झाले होते. १८९७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हा रस तापवला की त्यात गाठी धरत आणि त्याची शक्ती नाहीशी होई. उष्णतेने मरणारी काहीतरी वस्तू पेशीबाहेरही तशीच मरत होती.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी १९०६ च्या सुमारास याच्या पुढची पायरी गाठली. उकळलेला, म्हणजे मेलेला रस त्यांनी ताज्या रसात मिसळला. बुडबुडे कमी होण्याऐवजी वाढले. म्हणजे उकळल्यावर रसातले सगळेच निकामी होत नव्हते. एक भाग उष्णतेने बिघडणारा होता, त्याला आपण आज विकर किंवा एन्झाइम म्हणतो. दुसरा भाग लहान रेणूंचा, उकळूनही टिकणारा होता, त्याला सहविकर म्हणतात. उष्णता ही अशी चाळणीसारखी उपयोगी पडली: काय टिकते आणि काय टिकत नाही, यावरून पेशीतल्या पदार्थांची वर्गवारी करता येऊ लागली.

विकरे उष्णतेने का बिघडतात, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. अंडे उकडले की त्यातला पातळ पांढरा भाग घट्ट होतो आणि थंड केल्यावरही पुन्हा पातळ होत नाही. प्रथिनाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी असते, आणि ती एका ठरावीक पद्धतीने घडी घातलेली असते. विकराचे सगळे कसब त्या घडीत आहे. उष्णतेने घडी उलगडते, मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि गुठळ्या होतात. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत हे ५० ते ७० अंशांच्या आसपास घडते. विरजण नेहमी कोमट दुधात लावायचे, कढत दुधात नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. कढत दुधात विरजणातल्या जिवाणूंची प्रथिने उसवतात, मग दही लागणार कसे?

आता उष्णतेच्या चाळणीतून निसटलेल्या एका पदार्थाची गोष्ट. १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करत होते. या जंतूंचा एक प्रकार घातक होता आणि दुसरा निरुपद्रवी. घातक जंतू उष्णता देऊन मारले आणि उंदरांना टोचले, तर उंदीर जगत. पण हेच मेलेले जंतू जिवंत निरुपद्रवी जंतूंबरोबर टोचले, तर उंदीर मरत, आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जंतू सापडत. मेलेल्यांनी जिवंतांना आपला गुण दिला होता. ग्रिफिथ १९४१ साली लंडनवरच्या बाँबहल्ल्यात मृत्युमुखी पडले. तो गुण देणारा पदार्थ कोणता, हे त्यांना कळले नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी तो जंतूंतून वेगळा काढला. प्रथिने पचवणाऱ्या विकरांचा त्याच्यावर परिणाम होत नव्हता, डीएनए तोडणाऱ्या विकराने मात्र तो नष्ट होत होता. १९४४ साली त्यांनी जाहीर केले की हा पदार्थ डीएनए आहे. पेशीला मारणारी उष्णता त्याने सहज सोसली होती.

उष्णता सोसणारा हा रेणू किरण सोसतो का? गंमत म्हणजे याचे उत्तर एव्हरींच्या आधीच कागदावर आलेले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. त्याच रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक गेट्स यांनी १९२८ ते १९३० या काळात वेगवेगळ्या तरंगलांबीचे अतिनील किरण जिवाणूंवर टाकून कोणते किरण सर्वांत जास्त मारक आहेत ते मोजले. आता कोणताही पदार्थ जे किरण शोषतो, त्यांनीच त्याला इजा होते. प्रथिने २८० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जास्त शोषतात, तर न्यूक्लिइक आम्ले २६० च्या आसपासचे. गेट्स यांचा आलेख न्यूक्लिइक आम्लाच्या घटकांच्या आलेखाशी मिळताजुळता आला. १९४१ साली अलेक्झांडर होलेंडर आणि चेस्टर एमन्स यांनी गजकर्ण उठवणाऱ्या जातीच्या बुरशीवर असाच प्रयोग केला. किरणांनी आनुवंशिक बदल किती घडतात ते त्यांनी मोजले, आणि पुन्हा तोच आलेख आला. क्ष-किरणांनी फळमाशीत आनुवंशिक बदल घडतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ सालीच दाखवले होते. पण ‘आनुवंशिकता प्रथिनांतच असणार’ ही समजूत इतकी पक्की होती की हे पुरावे बाजूला पडून राहिले. विज्ञानातही असे पुष्कळदा होते.

अतिनील किरण थेट रेणूने शोषले जातात. क्ष-किरण आणि गॅमा किरणांचे तसे नाही. मँचेस्टरचे वॉल्टर डेल यांनी १९४० साली पेशीतून वेगळी काढलेली विकरे पाण्यात विरघळवून त्यांवर क्ष-किरण सोडले. रेणूवर थेट आघात होत असेल, तर द्रावण दाट असो की पातळ, ठरावीक टक्के रेणूच मेले पाहिजेत. प्रत्यक्षात पातळ द्रावणात विकराचा मोठा हिस्सा निकामी झाला, दाट द्रावणात लहान हिस्सा. शिवाय त्यात दुसरा एखादा पदार्थ मिसळला तर विकराचा बचाव होई. याचा अर्थ असा, की किरण आधी पाण्यावर आदळतात, पाण्याचे रेणू फुटून अत्यंत जहाल असे तुकडे तयार होतात आणि ते तुकडे जो पहिला सापडेल त्याच्यावर हल्ला करतात. आपल्या पेशींत क्ष-किरणांनी डीएनएला होणाऱ्या इजेपैकी साधारण दोन तृतीयांश इजा अशी पाण्याच्या मार्फत होते, असे आता मानले जाते. डेसाउअर यांचा चटका म्हणजे खरे तर एक रासायनिक हल्ला होता.

पण ऊर्जा एकवटते, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. उष्णता म्हणजे सगळ्या रेणूंना मिळणारे थोडे थोडे धक्के. चमचाभर चहाची ऊब अब्जावधी रेणूंत वाटली जाते, कोणाच्याच वाट्याला बंध तोडण्याइतके काही येत नाही. गॅमा किरण मोजक्याच जागी आदळतात, पण जिथे आदळतात तिथले बंध तोडूनच पुढे जातात. दर किलोला १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली तर त्याला १ ग्रे म्हणतात. १ ग्रे मात्रेने मानवी पेशीतल्या डीएनएचे साधारण हजार एकेरी धागे तुटतात आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. प्रथिनांचेही रेणू काही प्रमाणात मोडतातच. मात्र एखाद्या विकराचे हजारो रेणू पेशीत कामाला असतात. हजार मजुरांतले चार आजारी पडले तर बांधकाम थांबत नाही. डीएनएची गोष्ट वेगळी. तो मूळ दस्तऐवज आहे, आणि तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीत त्याच्या दोनच प्रती आहेत. मजुरांची गैरहजेरी भरून काढता येते, दस्तऐवज फाटला की पंचाईत होते. माणूस चमचाभर उर्जेने का मरतो, याचे उत्तर इथे आहे.

डीएनएला उष्णतेने मग काहीच होत नाही का? होते, आणि ते फार सुंदर आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असताना हा प्रयोग दर वर्षी करून दाखवत असे. डीएनएचे द्रावण हळूहळू तापवत न्यायचे आणि ते २६० नॅनोमीटरचे किरण किती शोषते ते मोजत राहायचे. ८० अंशांपर्यंत विशेष काही घडत नाही. मग चार-पाच अंशांच्या टप्प्यात काटा एकदम वर चढतो, शोषण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढते. दुहेरी गोफाचे दोन धागे सुटे झालेले असतात. विद्यार्थी त्या काट्याकडे टक लावून बसत.

हार्वर्ड विद्यापीठात पॉल डोटी आणि ज्युलियस मार्मर यांनी १९६० साली याच्या पुढची कमाल दाखवली. न्यूमोनियाच्या जंतूंतून काढलेला डीएनए त्यांनी धागे सुटेपर्यंत तापवला. झटकन थंड केला तर त्याची गुण देण्याची शक्ती जवळजवळ गेली. सावकाश थंड केला तर दोन्ही धाग्यांनी एकमेकांना शोधून काढले, गोफ पुन्हा विणला गेला आणि शक्ती बऱ्याच अंशी परत आली! उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, पण उकळलेला डीएनए पुन्हा जुळतो. उष्णतेने साखळीतला मुख्य बंध तुटत नाही, फक्त दोन धाग्यांमधली हलकी वीण सुटते. २०२० साली कोरोनाच्या साथीत घरोघरी ज्या आरटी-पीसीआर चाचणीचे नाव झाले, ती याच गुणावर चालते. नमुना ९५ अंशांपर्यंत तापवायचा, धागे सुटे करायचे, मग निववून त्यांवर नवे धागे घडवायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. नवे धागे घडवणारे विकर मात्र अशा तापमानाला टिकायला हवे. ते मिळाले गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून, जो थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात सापडला होता.

अतिनील किरणांचा घाव असा परत जुळत नाही. १९६० साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे बॉइकर्स आणि बेरेंड्स या दोघांनी थायमिन या डीएनएच्या घटकाचे द्रावण गोठवले आणि त्या बर्फावर अतिनील किरण सोडले. थायमिनचे शेजारी शेजारी असलेले दोन रेणू एकमेकांना कायमचे चिकटले. डीएनएच्या एकाच धाग्यावर जिथे दोन थायमिन लागोपाठ येतात, तिथेही असेच घडते. अमेरिकेत ओक रिज येथे रिचर्ड आणि जेन सेटलो या दांपत्याने १९६२ साली पेशीतून काढलेल्या डीएनएवर हे तपासले. एका तरंगलांबीच्या किरणांनी अशा गाठी बसतात आणि दुसऱ्या, अधिक आखूड तरंगलांबीने त्यांतल्या बऱ्याच सुटतात, हे त्यांनी वापरून घेतले. गाठी बसल्या की डीएनएची शक्ती घटत होती, सुटल्या की वाढत होती. म्हणजे गाठ हीच इजा. उष्णता दोन धाग्यांमधली वीण सोडवते, तर अतिनील किरण एकाच धाग्यात गाठ मारतात, असा हा फरक आहे.

या गाठी पेशी स्वतः सोडवते, हा शोध मात्र आधीच लागला होता, आणि तोही उष्णतेचा माग काढताना. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे अल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी अर्धमेले झालेले सूक्ष्मजीव वेगवेगळ्या तापमानाला ठेवून कोणत्या तापमानाला ते जास्त सावरतात ते बघत होते. आकडे काही केल्या जुळेनात. आज हजारपट जगत, उद्या कोणीच जगत नसे. शेवटी लक्षात आले, की फरक तापमानाचा नव्हताच. खिडकीतून येणारा साधा उजेड काही बाटल्यांवर पडत होता. अदृश्य किरणांनी केलेली जखम दृश्य प्रकाश भरून काढत होता! हे १९४९ साल. त्याच वर्षी रेनाटो डुल्बेको यांनाही जिवाणूभक्षक विषाणूंच्या बाबतीत हेच आढळले.

प्रकाश एकटा ही दुरुस्ती करतो की पेशीतले कोणी करते, हे ठरवायला पुन्हा परीक्षानळीच लागली. बाल्टिमोर येथे क्लॉड रुपर्ट, सोल गुडगल आणि रॉजर हेरियट यांनी १९५८ साली किरणांनी बिघडलेला डीएनए घेतला, त्यात फोडलेल्या जिवाणूंचा रस मिसळला आणि उजेडात ठेवला. डीएनए सुधारला. रस न घालता सुधारला नाही, अंधारातही नाही. आणि रस तापवला की त्याची दुरुस्तीची ताकद जायची, बुखनरच्या यीस्टच्या रसासारखीच. तेव्हा दुरुस्ती करणारे हात विकराचे आहेत हे उघड झाले. रुपर्ट यांचे तुर्कस्तानातून आलेले विद्यार्थी अझीझ संजार यांनी पुढे या विकराचे जनुक वेगळे केले.

आपल्याकडे, म्हणजे माणसांकडे, हे उजेडावर चालणारे विकर नाही. आपल्या पेशी गाठ असलेला तुकडा कापून टाकतात आणि समोरच्या धाग्यावरून नवा तुकडा भरतात. हे कापून भरण्याचे काम ज्यांच्यात जन्मतः होत नाही, त्यांचे हाल फार वाईट असतात. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा तो आजार. या मुलांना उन्हात थोडे गेले तरी त्वचेवर डाग उठतात आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होतो. वैद्यांनी हा आजार एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता, पण कारण कळले १९६८ साली, जेव्हा कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले की या रुग्णांच्या पेशी अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करू शकत नाहीत. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. यीस्टच्या रसापासून सुरू झालेली वाट अशी एखाद्या आईवडिलांच्या दारापर्यंत येते. मुलाला उन्हापासून जपायचे, कपडे, चष्मे, खिडक्यांचे पडदे सांभाळायचे, ही शिस्त पाळली तर त्या मुलाची वर्षे वाढतात. कारण माहीत असण्याची किंमत इथे कळते.

या इतिहासातला सर्वांत शांत, पण मला सर्वांत मोठा वाटणारा शोध स्वीडनच्या टोमास लिंडाल यांचा. डीएनए उष्णता सोसतो, म्हणून तो अगदी टिकाऊ रेणू आहे, असे सगळे धरून चालले होते. लिंडाल यांनी विचारले, किती टिकाऊ? शुद्ध डीएनए पाण्यात ठेवून, तापवून, त्यातले घटक किती वेगाने गळून पडतात ते त्यांनी मोजले आणि त्यावरून शरीराच्या ३७ अंशांचा हिशेब केला. १९७२ साली उत्तर आले, की माणसाच्या एका पेशीत रोज काही हजार, कदाचित दहा हजारांपर्यंत घटक केवळ शरीराच्या उबेने गळून पडतात. कोणताही किरण नको, विष नको, चूल नको. १९७४ साली त्यांनी अशी एक बिघडलेली जागा हुडकणारे विकरही शोधून काढले. लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण जगतो ते आपला मूळ दस्तऐवज अभंग आहे म्हणून नाही. तो रोज झिजतो, आपल्याच अंगच्या उबेने झिजतो, आणि रोज सांधला जातो. उष्णतेचा घाव आणि किरणांचा घाव वेगळे खरे, पण जगणे-मरणे ठरते ते घाव आणि दुरुस्ती यांच्या शर्यतीत. याचा एक टोकाचा नमुना १९५६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सापडला. आर्थर अँडरसन डबाबंद मांस किरणांनी निर्जंतुक करत होते, तरी एक डबा नासला. त्यातला डायनोकॉकस हा जिवाणू माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट मारा सोसतो. त्याचा डीएनए इतरांइतकाच तुटतो. पण त्याची प्रथिने मँगनीजयुक्त संयुगांनी जपलेली असतात, असे मायकेल डेली आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून २००४ नंतर पुढे आले. सांधणारे हात शाबूत राहतात, म्हणून दस्तऐवज पुन्हा जुळतो.

हे सगळे परदेशातल्या प्रयोगशाळांत घडले असले, तरी त्याचा एक उपयोग आपल्या नाशिक जिल्ह्यात बघायला मिळतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. तिथे कांद्याला कोबाल्टच्या गॅमा किरणांची साधारण ६० ते ९० ग्रे इतकी मात्रा दिली की त्याला कोंब येत नाहीत. कोंबाच्या टोकाशी वेगाने विभागणाऱ्या पेशी असतात, त्यांचा डीएनए तुटतो आणि वाढ थांबते. पण कांद्यातली विकरे या मात्रेला दाद देत नाहीत. म्हणून कांदा कच्चाच राहतो, चिरला की डोळ्यांत पाणी तसेच येते, कारण तो झोंबणारा वायू विकरेच तयार करतात. हाच कांदा उकळत्या पाण्यात टाका, विकरे संपतात आणि झोंबणेही संपते. २००७ साली आपला आंबा पुष्कळ वर्षांनी अमेरिकेला गेला, तोही याच केंद्रात किमान ४०० ग्रे मात्रा घेऊन. फळात कीड असलीच तरी तिची वीण पुढे चालत नाही आणि फळ मात्र शिजत नाही. उलट, मांसासारखे पदार्थ किरणांनी निर्जंतुक करून वर्षानुवर्षे टिकवायचे असतील, तर आधी साधारण ७० अंशांच्या पुढे तापवावे लागतात. कारण हजारो ग्रे देऊन जंतू मरतात, पण पदार्थातली स्वतःची विकरे जिवंत राहून त्याला आतून बिघडवत राहतात. जंतूंसाठी किरण आणि विकरांसाठी उष्णता, अशी ही वाटणी आहे.

व्याख्यानांनंतर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, की असा कांदा-आंबा खाल्ल्याने आपल्या अंगात किरणोत्सर्ग शिरतो का? नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत पदार्थाला किरणोत्सर्गी बनवण्याइतकी ऊर्जाच नसते. ते आदळतात, बंध तोडतात आणि त्यांचे काम तिथेच संपते; उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन साठून राहत नाही, तसेच. मात्र जिवंत माणसावर पडणाऱ्या किरणांबद्दल बेफिकीर राहू नये. डॉक्टर सांगतील तेव्हा क्ष-किरण तपासणी जरूर करावी, विनाकारण पुन्हा पुन्हा करू नये. मे महिन्याच्या भर दुपारी लेकरांना डोक्यावर टोपी घालूनच बाहेर सोडावे. आपल्या पेशी दुरुस्तीचे काम अखंड करत असतात. त्यांच्यावरचा भार आपण होऊन वाढवू नये, एवढेच आपल्या हातात आहे.